घटपर्णीची भूक

घटपर्णी शिकवायला घेतली की वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो : बाई, ती माणसाला खाते का? मी मुलांना आधी तिच्या पायाखालच्या मातीकडे वळवते. मेघालयातल्या गारो, खासी आणि जैंतिया डोंगरांत पाऊस इतका कोसळतो की जमिनीतला कस धुऊन जातो. तिथल्या निकस उतारांवर ही घटपर्णी, म्हणजे नेपेंथस खासियाना, वाढते. भारतात नेपेंथसची एवढी एकच जात. अन्न ती चारचौघींसारखं उन्हातच तयार करते. किडे लागतात ते नत्र आणि स्फुरदासाठी. आपल्या कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पतीही याच गरजेपोटी बारीक जीव पकडतात.

जैंतिया डोंगरांत जराईनजवळ मी घटपर्णी झुडपांच्या आधाराने चढलेली पाहिली. पानाची मधली शीर टोकापुढे तणाव्यासारखी लांबते आणि तिच्या शेवटाला घट धरतो. घट म्हणजे पानच. झाकण एकदा उघडलं की पुन्हा मिटत नाही. किडा आत गेल्यावर ते खाडकन बंद होतं, ही समजूत चुकीची. सापळ्याचं खरं काम काठ करतो. तिथे मध पाझरतो, आणि काठ ओला झाला की मुंगीचे पाय ठरत नाहीत. आतली वरची भिंत मेणचट, तळाशी पाचक रस.

या काठाचं आणखी एक वैशिष्ट्य 2013 साली केरळमधल्या जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. अतिनील किरणांत तो निळा उजळतो. ही निळाई झाकून टाकली तेव्हा घटात पडणाऱ्या किड्यांची संख्या खूपच घटली. मला हा प्रयोग फार आवडतो, इतका साधा आणि नेमका.

पण या घटपर्णीच्या जमिनीखाली कोळसा आहे, चुनखडी आहे. खाणी आणि हौशी संग्राहक, दोघांनीही तिला मागे रेटलं आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात ती पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात. गारो डोंगरांत बाघमाऱ्याला तिच्यासाठी छोटंसं अभयारण्यही आहे. पण चार वेली कुंपणात राखून भागत नाही. या जातीत नर वेल वेगळी, मादी वेगळी. खाणीच्या कडेला एकटी उरलेली मादी वेल दरवर्षी फुलेल, घटही धरेल. जवळपास नर नसेल तर बी मात्र धरणार नाही.