जवानाच्या शिक्षणामागचा कारागीर



आपल्या भागातल्या कुठल्याही गावी पहाटे जा, डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात. सैन्यात किंवा राखीव पोलीस दलात भरती व्हायचे म्हणून ही तयारी चाललेली असते. त्यात सभासदाचा मुलगा असतो, तसा ऊसतोड मजुराचाही असतो. भरतीला किती धावावे लागते, छाती किती फुगवावी लागते, हे त्यांना तोंडपाठ असते. पण भरती झाल्यावर या पोराचा जवान कसा घडवतात, याची चर्चा पारावर फारशी होत नाही. या अंकात आम्ही त्याविषयी लिहीत आहोत. त्यातही मैदानावर ओरडणाऱ्या उस्तादाविषयी नव्हे, तर उस्तादाच्या हातातला पाठ ज्याने बांधलेला असतो त्या माणसाविषयी. इंग्रजीत त्याला ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ असे लांबलचक नाव आहे. आपण त्याला पाठ-रचनाकार म्हणू.

हे काम काय आहे ते आपल्याच भाषेत सांगायचे तर गुऱ्हाळाचे उदाहरण घ्यावे. काहिलीतला रस कधी पक्व झाला हे मुरलेल्या गुळव्याला बरोबर कळते. पण त्याला विचारा, “मामा, कसं ओळखलं?” तो म्हणेल, “अनुभवानं.” हे उत्तर खरे असले तरी त्यावरून नवा गुळव्या तयार होत नाही. कुणीतरी मामाशेजारी चार दिवस बसावे. फेस कसा बदलतो, उलथन्यावरून रस कसा ओघळतो, पाण्यात टाकलेली गोळी बोटाला कशी लागते, हे एकेक टिपावे. मग त्याचा क्रम लावावा आणि नवख्याकडून करवून घ्यावे. हेच पाठ-रचनाकाराचे काम. जाणत्याच्या हातात असते ते सगळे त्याच्या तोंडी येतेच असे नाही; ते काढून घेणे ही वेगळी विद्या आहे.

सैन्यात ही विद्या कशी वापरतात ते ज्यांनी एन.सी.सी. केली त्यांना आठवत असेल. रायफलीचा धडा असला की उस्ताद एकदम रायफल हातात देत नाही. ‘शुरू-शुरू का काम’, मग ‘पहुँच’, मग ‘उद्देश्य’, नंतर धड्याची ‘भागों में बाँट’ आणि शेवटी ‘संक्षेप’, अशी सगळी मांडणी ठरलेली. आधी बयान, मग नमुना, मग जवानाकडून नक्कल. रायफल खोलताना जो भाग शेवटी निघतो तो जोडताना पहिला बसतो, हे सांगून चालत नाही. ते बोटांना कळावे लागते. म्हणून चांगल्या पाठाचा उद्देश ‘रायफलीची माहिती देणे’ असा मोघम नसतो. ठरलेल्या वेळात, अंधारातसुद्धा, एकही भाग न विसरता जवानाने रायफल खोलून जोडावी, असा तो नेमका असतो. उस्तादाने काय सांगितले याला मोल नाही, जवानाच्या हातून काय झाले याला आहे.

कवायतीचे हुकूमही असेच विचारपूर्वक बांधलेले आहेत. स्वातंत्र्यानंतर इंग्रजी हुकूम जाऊन हिंदी हुकूम आले. ‘दाहिने... मुड’ यात दोन तुकडे आहेत. पहिला लांबवून म्हणायचा, त्याने जवान सावध होतो. दुसरा आखूड आणि तडक, त्यावर हालचाल. ‘तेज... चल’ तसेच. आपल्या शाळेतल्या पोरांनाही हे हुकूम पाठ असतात, पण ते असे का, हे कुणी विचारत नाही.

एवढी काटेकोर मांडणी कशासाठी, असे कुणी म्हणेल. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा लष्कराचे जवान मदतीला धावून आले, हे आपण पाहिले आहे. अशा प्रसंगी भल्याभल्या माणसाचे डोके सुन्न होते. त्या वेळी हात कामाला लागायचे तर ते काम आधी तुकड्या-तुकड्याने अंगी मुरलेले असावे लागते. युद्धात तर विचारायलाच नको. तिथे अर्धवट शिकवलेल्या धड्याची किंमत कुणाच्या तरी मुलाला प्राणाने मोजावी लागते.

या विद्येला शास्त्राचे रूप आले ते दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर. लाखो नवखी माणसे थोड्या महिन्यांत विमाने, तोफा, बिनतारी यंत्रे यांच्यासाठी तयार करायची होती. अमेरिकी सैन्याने मानसशास्त्रज्ञ कामाला लावले. त्यांतले एक रॉबर्ट गान्ये. लष्करी शिक्षणाच्या अनुभवावर त्यांनी १९६२ साली एक लेख लिहिला. नुसता सराव करून घ्या, असे शिकण्याचे जुने नियम सांगत. गान्ये यांचे म्हणणे पडले की तेवढ्याने भागत नाही. आधी कामाची फोड करा, कोणता भाग आल्याशिवाय कोणता येणार नाही ते शोधा, आणि त्या क्रमाने शिकवा. पुढे १९७५ साली फ्लोरिडा राज्य विद्यापीठाने अमेरिकी सैन्यासाठी एक पद्धत तयार केली. कामाची फोड, पाठाचा आराखडा, पाठ तयार करणे, शिकवणे आणि शेवटी तपासून सुधारणे, असे तिचे पाच टप्पे. आज जगभर कारखाने, दवाखाने, विमान कंपन्या हीच पद्धत थोड्याफार फरकाने वापरतात.

पाठ म्हणजे जाडजूड पुस्तकच पाहिजे असेही नाही. गाड्यांची निगा सैनिक नीट ठेवत नाहीत, ही अमेरिकी सैन्याची जुनी तक्रार. त्यांनी विल आयस्नर या चित्रकथाकाराला गाठले. युद्धकाळात त्याने जो डोप नावाचा एक वेंधळा सैनिक रंगवला. हा गडी निष्काळजीपणाने गाड्यांची वाट लावायचा आणि वाचणारे हसत-हसत शिकायचे. १९५१ पासून ‘पी. एस.’ नावाचे मासिकच या कामासाठी निघाले. आपल्या ट्रॅक्टरचे एअर फिल्टर कोण किती दिवसांनी साफ करतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. त्यामुळे या गोष्टीतले मर्म सभासदांना अधिक सांगायला नको.

आपल्या महाराष्ट्रात लष्करी शिक्षणाची मोठी परंपरा आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उद्घाटन १६ जानेवारी १९५५ रोजी झाले. तिथे तिन्ही दलांचे भावी अधिकारी एकत्र शिकतात. देवळालीला तोफखान्याचे, अहिल्यानगरला रणगाड्यांचे, पुण्यात लष्करी अभियांत्रिकीचे शिक्षण चालते. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आपल्या लातुरातही केंद्रीय राखीव पोलीस दलाचे भरती प्रशिक्षण केंद्र आहे. सबंध भूसेनेच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९९१ साली स्वतंत्र प्रशिक्षण कमांड उभी राहिली. तिचे मुख्यालय आज सिमल्याला आहे.

याच संदर्भात एका मराठी सेनानीचे नाव घेतले पाहिजे. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात हे पूर्व विभागाचे सेनाप्रमुख होते. त्यांनी मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा एक युद्धसराव मांडला. तो कागदावरचा आणि नकाशावरचा सराव. चीनने नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, चाल केली तर कुठून येईल, आपले बळ कुठे अपुरे पडेल, हे त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे मांडून दाखवले. पाठ उत्तम बांधलेला होता. पण त्यातून जे शिकायचे ते वरच्या पातळीवर वेळेत शिकले गेले नाही, आणि २० ऑक्टोबर १९६२ रोजी लढाई उभी राहिली. बर्फात सुती कपड्यांनिशी उभ्या राहिलेल्या जवानांनी त्याची किंमत मोजली. पाठाचा पाचवा टप्पा, तपासून सुधारण्याचा, राहून गेला की काय होते ते यावरून समजावे.

आज या कामाचे महत्त्व आणखी वाढले आहे. २०२२ पासून अग्निपथ योजनेत मुलगा चार वर्षांसाठी भरती होतो. त्याचे शिक्षणही त्याच चार वर्षांत धरलेले, आणि शिकण्याचा काळ पूर्वीपेक्षा कमी. वेळ कमी मिळाला की पाठात एकही फालतू गोष्ट चालत नाही आणि एकही आवश्यक गोष्ट गळून चालत नाही. तेव्हा आपला मुलगा कोणत्या दलात गेला एवढेच न विचारता, तिथे त्याला काय आणि कसे शिकवतात हेही घरच्यांनी आपुलकीने विचारावे.

चार वर्षांनंतर यांतली बरीच मुले गावी परततील. त्यांच्याकडे शिस्त असेल हे सगळेच म्हणतात. पण काम फोडून शिकवण्याची रीतही त्यांच्या अंगवळणी पडलेली असेल, आणि तिचा आपल्याला उपयोग आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात ठिबकाशिवाय उसाला तरणोपाय नाही, हे सगळ्यांना पटले आहे. ठिबकाच्या नळ्या चोंदल्या की आम्ल प्रक्रिया करावी लागते. मेळाव्यात ‘आम्ल प्रक्रियेची माहिती’ या विषयावर तासभर भाषण ऐकून सभासद घरी जातो. सैन्याच्या रीतीने बांधलेला पाठ असा असेल: सभासदाने हातमोजे आणि चष्मा घालून, आधी पाणी आणि मग त्यात थोडे थोडे आम्ल, या क्रमाने द्रावण स्वतः करून दाखवावे. क्रम उलटा झाला, आम्लात पाणी पडले, तर ते उसळून तोंडावर येते. इथे डोळ्यांचा प्रश्न आहे, टाळ्यांचा नाही. फिल्टरचेही तसेच. अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबमापकांतला फरक वाढला म्हणजे जाळी तुंबली, हे सांगणे सोपे; सभासदाने ते वाचून, फिल्टर उघडून, धुऊन, परत बसवला म्हणजे धडा झाला.

ज्या गावात असा सुट्टीवर आलेला किंवा निवृत्त जवान असेल, त्या गावच्या सभासदांनी त्याला शेतकी खात्याच्या पुढच्या मेळाव्याला अवश्य घेऊन यावे. त्याला भाषणाला उभे करू नये. एक ठिबक संच, चार सभासद आणि अर्धा तास त्याच्या हवाली करावा. अर्ध्या तासाने त्या चौघांच्या हातून काय होते, ते बाकीच्यांनी बघावे.