थेंब इथे, भोक तिथे

कार्ब्युरेटरमधल्या बर्फाबद्दल आज लिहीत नाही. मागच्या शनिवारी तो विषय कबूल केला होता खरा, पण विमानाच्या टाकीबद्दल लिहिताना ‘गळतीची रडकथा पुन्हा कधीतरी’ असं एक वाक्य मी टाकून दिलं होतं, ते वाचकांनी धरून ठेवलं. सांगलीच्या एका काकांनी तर सरळच विचारलंय : ‘टाकी गळते तर एम-सील का लावत नाही? आमची गच्चीवरची टाकी बारा वर्षं त्याच्यावरच आहे.’ मी हा प्रश्न हसण्यावारी नेणार नाही, कारण पहिल्या आठवड्यात माझ्याही मनात तो येऊन गेला होता.

काका, तुमची टाकी जागची हलत नाही. माझ्या आरव्ही-७ विमानाची टाकी म्हणजे पंखात ठेवलेला डबा नव्हे, पंखाच्या पुढच्या कडेची पोकळीच. बाहेरून दिसतो तो पंखाचा पत्रा, तीच टाकीची भिंत. दोन्ही पंखांत मिळून ४२ अमेरिकन गॅलन, म्हणजे १५९ लिटर पेट्रोल मावतं आणि ते अडवणारा पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटर जाड. उडताना पंख वाकतो, उतरताना दणका बसतो, धावपट्टीवर उन्हात तापलेला पत्रा वर गेला की गारठतो. या प्रत्येक वेळी पत्रा आणि आतली फासळी एकमेकांवर केसभर सरकू पाहतात. एम-सील म्हणजे एपॉक्सी, सुकलं की दगड. दगड वाकत नाही, उखडतो. वेल्डिंगही नाही, कारण २०२४ जातीचं हे अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगला तडकतं आणि आचेनं त्याचा सगळा कस जातो. म्हणून शेकडो रिवेट ठोकायचे आणि प्रत्येक सांध्यात रबर भरायचं, तेही पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षं बुडून राहिलं तरी न विरघळणारं.

हे रबर सापडलं कसं ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत जोसेफ पॅट्रिक नावाचा एक डॉक्टर होता. रसायनं हा त्याचा खरा छंद. थंडीत मोटारीच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून स्वस्त औषध बनवायला तो बसला. एथिलीन डायक्लोराइड आणि सोडियम पॉलिसल्फाइड एकत्र केलं, तर पातळ औषधाऐवजी भांड्यात घाण वासाचा चिवट गोळा. म्हणे तो मोरीत ओतला आणि मोरी तुंबली. मग ती मोकळी करायला हाताशी होते नव्हते ते सगळे द्राव ओतले, तरी गोळा ढिम्म. कशातच विरघळत नाही हाच त्याचा गुण निघाला. १९२९मध्ये त्यातून थायोकॉल कंपनी उभी राहिली. नाव ग्रीक भाषेतल्या गंधक आणि गोंद या शब्दांवरून. पुढं याच रबराची पातळ जात रॉकेटच्या घन इंधनाला बांधून ठेवायला उपयोगी पडली आणि कंपनी रॉकेटांकडे वळली. स्पेस शटलचे घन इंधनाचे बूस्टर तिनंच बनवले. माझ्या गॅरेजातल्या डब्यातला चिकटा त्याच खानदानातला.

डबे दोन असतात. एकात दुधाळ लेप, दुसऱ्यात काळं औषध. वजनानं दहास एक. स्वयंपाकघरातला काटा मी यासाठीच पळवला, तो घरात परत आलेला नाही. पांढरी रेघ एकही न उरता राखाडी रंग येईपर्यंत घोटायचं. बी-२ जातीचं सीलंट दोन तास हाताळता येतं, बी-१/२ अर्धा तास. नवख्यानं अर्ध्या तासाच्या वाटेला जाऊ नये. वास सडक्या अंड्याचा. आणि ते लागतं कुठं कुठं! मोटारीच्या स्टिअरिंगला, चष्म्याच्या दांडीला, एकदा तर फ्रिजच्या मुठीला. आमच्या घरात ‘ते काळं’ एवढंच म्हटलं तरी सगळे हात मागे घेतात.

तर गळती. विमानाचं १०० एलएल पेट्रोल निळं असतं. मुद्दाम रंगवलेलं, जात ओळखू यावी म्हणून. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो. तिसऱ्या वर्षी उजव्या पंखाखाली, विमानाच्या अंगाला लागून, मला एक निळा ओघळ दिसला. शेजारचा रिवेट ओला. मी लगेच हिरवं लॉकटाइट २९० आणलं. हे पाण्यासारखं पातळ असतं; टाकीतून किंचित हवा ओढून घेतली की रिवेटभोवतीच्या फटीत आपोआप शिरतं. शिरलं, सुकलं, रिवेट कोरडा झाला. दोन आठवड्यांनी त्याच्या पुढचा तिसरा रिवेट ओला.

तेव्हा राजापूरचं आजोळ आठवलं. पावसात पडवीत टपटप सुरू झालं की आजोबा थेंब पडतो त्या जागेवरचं कौल कधीच काढायचे नाहीत. वाशाला हात लावून तो कुठवर ओला आहे ते चाचपत जायचे, आणि फुटकं कौल चार हात वर निघायचं. पंखातही तेच. पेट्रोल आत कुठंतरी सीलंटच्या पापुद्र्याखाली शिरतं, फासळीच्या कडेकडेनं सरपटतं आणि जो रिवेट सैल सापडेल तिथून डोकं काढतं. मी त्या रिवेटचं तोंड बंद केलं, त्यानं दुसरं शोधलं.

मग नीट शोध. पंखाची खालची बाजू पुसून टाल्कम पावडर फासली, टाकीत थोडं थोडं पेट्रोल भरत गेलो आणि दर वेळी तासभर थांबलो. कोणत्या पातळीला निळं उमटतं, यावरून भोक किती उंचीवर आहे ते कळतं. बोट मागच्या भिंतीच्या कोपऱ्याकडं जात होतं, जिथं पत्रा, फासळी आणि भिंत असे तीन पत्रे एकत्र येतात. टाक्या गळतात त्या बहुतेक अशाच तिठ्यावर.

टाकी उतरवून रिकामी केली आणि दोन दिवस वारा लावला, कारण रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची. आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. मागच्या भिंतीला हवेवर चालणाऱ्या ड्रिलनं गोल भोक पाडलं. स्वतः बांधलेल्या टाकीला स्वतः भोक पाडताना पोटात कसं होतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आत आरसा घातला. कोपऱ्यातलं सीलंट दिसायला ठणठणीत. लाकडी चमच्याच्या दांडीनं टोचलं तर फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं अखंड सुटून हातात आलं. उलटून पाहिलं. खाली पत्रा घासलेला नव्हताच, आरशासारखा चकचकीत होता, आणि पापुद्र्याच्या पोटावर अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ मोजावी असा. अंगठा माझाच. त्या दिवशी हातमोजे संपले होते हेही आठवलं.

पुढचं काम कंटाळवाणं. धातूला चरा न पाडता जुनं खरवडायचं, पत्रा घासून खरबरीत करायचा, द्रावानं पुसायचा, नवा चिंधा, पुन्हा पुसायचा, आणि चिंध्यावर काहीही न उतरेपर्यंत थांबायचं नाही. ताजं सीलंट जुन्याला छान धरतं, पण तेल त्याला खपत नाही. मग भोकावर झाकणपट्टी, ज्यांचं बूड बंद असतं असे रिवेट, प्रत्येक रिवेट ‘त्या काळ्यात’ बुडवून.

बरेच जण म्हणतात, इतका उपद्व्याप कशाला, आत लेप ओतून टाकी गोल गोल फिरव, भांड्याला कल्हई करतात तशी. मी नाही करणार. असा लेप काही वर्षांनी पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटल्याची आणि इंधनाच्या नळीच्या तोंडाशी अडकल्याची उदाहरणं आहेत. कल्हई उडाली तर आमटी कळकते. इथं इंजिन बंद पडतं.

शेवटी तपासणी. कॉम्प्रेसर थेट जोडायचा नाही. चौरस इंचाला एकच पौंड दाब दिला, तरी चार फूट बाय एक फूट पत्र्यावर अडीचशे किलोहून जास्त रेटा येतो. म्हणून वाढदिवसाचा फुगा बांधायचा किंवा पारदर्शक नळीत पाणी भरून त्याची उंची बघायची. एक पौंडाला ७० सेंटीमीटर पाणी. पण एक गंमत. हवा एका अंशानं गार झाली की पाणी साडेतीन सेंटीमीटर उतरतं. पहिल्या रात्री फुगा मलूल झालेला बघून मी जेवलो नाही. सकाळी ऊन आलं, आणि तो आपला पुन्हा टम्म.

तिसऱ्या दिवशी मात्र तो उन्हातही उतरलेलाच राहिला. साबणाचं पाणी सगळीकडं फासलं. बुडबुडे टाकीला कुठंच नव्हते, तळाशी पाणी काढायची जी चावी असते तिथं होते. आतली रबरी रिंग चिरली होती. ती बदलली. टाकी चढवली, पेट्रोल भरलं, टाल्कम फासलं आणि घरी आलो. परवापर्यंत पंखाखाली पांढरंच होतं.