अनुशेषाचा रुपया कुणाच्या नावावर?

वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली महाराष्ट्राचा प्रादेशिक अनुशेष काढला. तो सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा होता आणि त्यातला ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. सिंचनाची तूट समितीने आधी हेक्टरमध्ये मोजली, मग तिची किंमत लावली. पुढे हेक्टर मागे पडले, रुपये तेवढे उरले. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, निधिवाटपाबाबत राज्यपालांचे निर्देश निघू लागले आणि वाद ‘कुणाला दरडोई किती’ यावर येऊन ठेपला. पण वाया गेलेला रुपयाही ज्या भागात वाया गेला त्याच भागाच्या खात्यावर चढतो. ज्याला पाणी मिळाले नाही, त्याच्याच नावावर खर्च लागतो.

विदर्भातल्या गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाचेच पाहा. १९८८ मध्ये राजीव गांधींनी भूमिपूजन केले, तेव्हा अंदाजपत्रक ३७२ कोटींचे होते. पुढे खर्चाचा आकडा अठरा हजार कोटींच्या वर गेला. अडीच लाख हेक्टर भिजायचे होते, ते तीन दशकांनंतरही पुरते भिजले नाहीत. डाव्या कालव्याचे अस्तरीकरण निकृष्ट ठरले, तरी हिशेबात ते विदर्भाला मिळालेलेच! भाववाढ, भूसंपादन, पुनर्वसन यांमुळे खर्च वाढतो, हा बचाव काही अंशी खरा आहे. मात्र २००९ मध्ये विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली, तीही काही महिन्यांत, सुधारित प्रशासकीय मान्यतांच्या धडाक्यात. इतकी भाववाढ कुठल्याच बाजारात झाली नव्हती. दहा वर्षांत राज्यातले सिंचन ०.१ टक्क्याने वाढले, असे २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दिसले. शासनाच्या श्वेतपत्रिकेने तीच वाढ ५.१७ टक्के सांगितली. आपण काय मोजतो यावरच सरकारचे एकमत नव्हते, हा यातला खरा मुद्दा.

‘मग मागास भागाला पैसे द्यायचेच कशाला?’ असा सोयीचा निष्कर्ष यातून काढला जातो. तो चुकीचा आहे. अर्धवट प्रकल्पांत पैसा पश्चिम महाराष्ट्रातल्या कृष्णा खोऱ्यातही अडकला. तिथे आधीचे सिंचन होते म्हणून तो तितका बोचला नाही, इतकेच. विदर्भाचा हक्क गळतीमुळे कमी होत नाही, उलट गळती वजा केल्यावर त्याची बाकी वाढते. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ मध्ये प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी तालुका हे एकक सुचवले, ते योग्यच. पण तालुक्याच्या खात्यातही नुसता खर्चच लिहिला, तर पाटचारीच्या टोकाचा शेतकरी त्या हिशेबात येणार नाही. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा विदर्भातल्याच अमरावती विभागाचा सिंचन-अनुशेष बाकीच होता.