सावलीतला तपशील आणि भिंगातला भटका प्रकाश

येरवड्याचा आगाखान महाल पुणेकरांना नव्याने सांगायला नको. १८९२ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूत १९४२ च्या ऑगस्टमध्ये महात्मा गांधींना स्थानबद्ध करण्यात आले. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचा अंतही येथेच झाला. अशा वास्तूचे छायाचित्र हा इतिहासाचा कागदच होय. परंतु भर उन्हात फिल्मवर घेतलेल्या चित्रात पुष्कळदा कमानी लख्ख उमटतात आणि त्यांच्यामागचा व्हरांडा राखेसारखा करडा होऊन जातो. दोष फिल्मला दिला जातो. खरा चोर बहुधा भिंगात दडलेला असतो.

काचेच्या उघड्या पृष्ठभागावरून शेकडा चार भाग प्रकाश परत फिरतो. चार काचांच्या, त्यांतल्या दोन चिकटवलेल्या, टेसर भिंगात हवेला लागणारे सहा पृष्ठभाग असतात. दोनदा परतलेला किरण पुन्हा फिल्मकडे वळतो. अशा पंधरा जोड्या धरल्या तर हा भटका प्रकाश अडीच टक्क्यांच्या घरात जातो. त्यातला पुष्कळसा चित्रभर धुक्यासारखा पसरतो.

आता हिशेब करून पाहू. उन्हातली कमान १६०, व्हरांड्यातली भिंत २ आणि दाराची चौकट १ एवढी उजळ आहे असे समजा. सर्वत्र १ एवढा भटका प्रकाश मिसळला, तर कमान १६१ होईल. तिला त्याचे काहीच नाही. भिंत मात्र ३ आणि चौकट २ होईल. म्हणजे भिंत चौकटीच्या दुप्पट उजळ होती, ती आता दीडपटच उरली. श्रीमंताच्या घरी रुपया पडला तर कळत नाही. गरिबाच्या घरी सारा हिशेब बदलतो, तसेच हे.

येथे एक फसगत संभवते. निगेटिव्हवर सावलीचा भाग भरलेला दिसतो, म्हणून तपशील आला असे वाटते. पण तो नुसता थर असतो. प्रकाश अधिक काळ दिला तरी भटका प्रकाशही त्याच प्रमाणात वाढतो. ३ आणि २ यांचे नाते तेच राहते. कडक कागदावर छापावे, तर कमानी पांढऱ्याफटक होतात.

उपाय आधीच योजावा लागतो. १९३५ साली जर्मनीत त्साइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म लेप चढवण्याची रीत काढली. परावर्तन दीड टक्क्यावर आले, तर वरच्या हिशेबातले अडीच टक्के एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतात. बाकीचे आपल्या हाती आहे: भिंग पुसलेले असावे, त्यावर टोपण-छत्री असावी, आकाश चौकटीत कमी घ्यावे आणि शक्य तर कमानीच्या सावलीत उभे राहून आतले चित्र वेगळे घ्यावे.

जुने छायाचित्र वाचतानाही हे ध्यानात ठेवू. करड्या सावलीत काही दिसत नाही, एवढ्यावरून तेथे काही नव्हते असा निष्कर्ष आपण काढू नये.