चोवीस नकोत, सहा पुरेत!

जलरंग शिकायचं ठरवलं की दुकानातला चोवीस ट्यूबांचा खोका आधी डोळ्यांत भरतो. बजेट बेताचं असेल तर तो तिथेच राहू द्या. त्याच पैशांत चांगल्या प्रतीच्या सहा ट्यूब सुट्या घ्या. का, ते वाचा!

अजिंठ्याची रंगपेटी. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी. अजिंठ्याच्या भिंती प्रामुख्याने यांवरच रंगल्या. दुरून आणलेला एकच, अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा निळा. पेटी एवढीशी, पण बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र तिच्यातूनच साकारलं.

चौघांत भागवणारा झॉर्न. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) पांढरा, काळा, यलो ऑकर आणि व्हर्मिलियन या चार रंगांच्या पॅलेटसाठी ओळखले जातात. त्यात निळा नाहीच! काळ्यात पांढरा मिसळला की तो लालसर रंगांशेजारी निळसर भासतो, आणि काळ्यात पिवळा घातला की शेवाळी हिरवा तयार.

सहा हजार फ्रँकचा निळा. लाजवर्दाचा निळा इतका महाग होता, की १८२४ मध्ये फ्रान्समध्ये स्वस्त पर्यायासाठी ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं. १८२८ मध्ये ते ज्याँ-बाप्तिस्त गिमे यांना मिळालं. त्यांनी बनवलेला निळा म्हणजेच आजचा फ्रेंच अल्ट्रामरीन. पुढे हे रंगद्रव्य कपड्यांच्या निळीतही आलं. एकेकाळची चैन आता विद्यार्थ्याच्या खिशाला परवडते.

काळी ट्यूब कशाला? ओल्या कागदावर अल्ट्रामरीनचा फटकारा मारा आणि त्याला बर्न्ट सिएना भिडवा. दोन्ही एकमेकांत उतरतात आणि मधे पावसाळी ढगाचा करडा तयार होतो. निळ्याचे बारीक कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि सुंदर दाणेदार पोत येतो. पाणी कमी ठेवलंत तर जवळजवळ काळाच!

पांढरीही वाचली. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो आधीच विकत घेतलेला असतो.

लेबल वाचा. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा कोड असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, मग कंपनी कोणतीही असो. एकच कोड असलेला रंग निवडा, मिश्रणं स्वच्छ येतात. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ महाग द्रव्याऐवजी बहुधा पर्यायी द्रव्य वापरलेलं असतं. सरावाला तेही चालतं. उंची रंगांची किंमत ‘सिरीज’प्रमाणे चढते. मातीचे रंग साधारणपणे सगळ्यांत खालच्या सिरीजमध्ये मिळतात.

लालही घरीच करा. रंगीत छपाईत लाल शाई वेगळी नसते. मॅजेंटा आणि पिवळ्यातून लाल उमटतो. क्विनॅक्रिडोन रोझमध्ये लेमन यलो मिसळा, लाल हजर.

वाळला तरी वाया नाही. जलरंग बांधलेला असतो डिंकात, आणि डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. पॅलेटवर सुकलेला रंग ओल्या ब्रशने परत जागा होतो. अ‍ॅक्रिलिक मात्र एकदा वाळलं की गेलं.

यादी घ्या. लेमन यलो, यलो ऑकर, क्विनॅक्रिडोन रोझ, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू. थॅलो भलताच जोरकस असतो, ब्रशच्या टोकाएवढाच घ्या. या सहांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात १५, तीन-तीनचे गट २०. शिवाय प्रत्येक मिश्रणात कमी-जास्त प्रमाणाची आणि पाण्याची करामत वेगळी!

थोडे पैसे उरले तर सातवी ट्यूब घेऊ नका, ३०० जीएसएमचा जाड, चांगला कागद घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि उत्तम रंगही त्यावर डबक्यासारखे साचतात. जाड कागदावर साध्या रंगांचाही पातळ थर एकसारखा बसतो, आणि शिकणाऱ्याला हुरूप येतो तो तिथेच.