कंदिलाचा दाखला

एखाद्या गोष्टीचे पेव फुटले असे आपण मराठीत सहज म्हणून जातो. परंतु ज्या भूमिगत कोठारावरून हा वाक्प्रचार रूढ झाला, ते पेव प्रत्यक्ष पाहिलेली आणि त्याच्या तोंडावरचे झाकण दूर होताना जवळ उभी राहिलेली माणसे आता विरळाच. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेल्या हरिपुरात अशी पेवे पुष्कळ होती, आणि २००५ च्या महापुराचे पाणी शिरून त्यांतली बरीचशी निकामी होईपर्यंत सांगलीच्या बाजारपेठेतल्या हळदीचा मोठा साठा तेथील घट्ट मातीच्या पोटात निर्धास्त पडून असे. पेवाचे तोंड एक माणूस कसाबसा उतरेल इतके अरुंद, पोट मात्र खोलीएवढे ऐसपैस. आत काडाचे व पाल्याचे अस्तर आणि वर मातीने लिंपून घट्ट बसविलेले झाकण.

या कोठारातील माल किडीवाचून टिकतो कसा, या प्रश्नाचे उत्तरच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कोंडलेल्या जागेत धान्याचा दाणा, त्यावरची बुरशी आणि त्यातली कीड ही सर्वच श्वसन करतात. आतला प्राणवायू हळूहळू खर्ची पडतो, त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि अखेरीस किडीला जगण्यापुरतीही हवा न उरल्यामुळे माल सुरक्षित राहतो. म्हणजे जी हवा मालाची राखण करते, तीच झाकण उघडताक्षणी आत उडी टाकणाऱ्या हमालाचा प्राण घेऊ शकते. जुन्या जाणत्यांना रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण अनुभव दांडगा होता. पेव उघडले की ते बराच काळ तसेच उघडे ठेवायचे, नंतर दोरीला पेटता कंदील बांधून तो सावकाश आत सोडायचा, आणि काठावर ओणवे होऊन ज्योतीकडे पाहत राहायचे. ज्योत स्थिर राहिली तर माणूस उतरे. ती आखडू लागली किंवा विझली, तर काम तहकूब होई. गाळ काढण्याकरिता जुन्या विहिरीत उतरतानाही हीच चाल असे. माणसाच्या आधी दिवा उतरावा आणि त्याने वर दाखला धाडावा, ही ती शहाणी पद्धत होय.

हा दाखला कितपत विश्वसनीय होता? मोकळ्या हवेत प्राणवायूचे प्रमाण २०.९ टक्के असते. ते सुमारे १६ ते १७ टक्क्यांवर घसरले म्हणजे साधी ज्योत मालवते. परंतु आजची सुरक्षाशास्त्रे १९.५ टक्क्यांखालील हवेलाच प्रवेशास अयोग्य ठरवितात, कारण ज्योत अद्याप तेवत असतानाच माणसाची विवेकशक्ती मंदावू लागलेली असते. शिवाय, कंदिलाला प्रश्न एकच विचारता येतो. मैल्यात निर्माण होणारा हायड्रोजन सल्फाइड किंवा इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक प्रमाणात असला, तरी ज्योत निमूटपणे जळत राहील. आणि मिथेन वायू हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान मिसळलेला असला, तर तोच कंदील स्फोटाला निमित्त होईल. या दुसऱ्या संकटावर उपाय म्हणून हंफ्री डेव्ही याने १८१५ साली जाळीने वेढलेला खाणदिवा सिद्ध केला. पुढे विषारी वायूची वर्दी देण्यासाठी ब्रिटनच्या कोळसाखाणींत कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे नेले जाऊ लागले आणि ती प्रथा १९८६ पर्यंत टिकली. दिवा काय किंवा पक्षी काय, माणसाच्या इंद्रियांवर विसंबता येत नाही या एकाच कबुलीची ही दोन रूपे आहेत.

इंद्रियांचा हा दगा नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेक अपघात निष्काळजीपणाइतकेच आत्मविश्वासातून घडतात. हायड्रोजन सल्फाइडचा कुजलेल्या अंड्यासारखा दर्प हवेच्या दशलक्ष भागांत एक भागाहून कमी वायू असतानाही नाकाला जाणवतो. पण तेच प्रमाण शंभर भागांच्या घरात गेले की घ्राणशक्ती थोड्याच वेळात बधिर होते, आणि वास गेला म्हणून निश्चिंत झालेला मनुष्य वस्तुतः अधिक मोठ्या संकटात सापडलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. विहिरीत डिझेलचे इंजिन उतरवून उपसा करणाऱ्यांचा घात तो करतो. बंद लोखंडी टाकीत तर कित्येकदा कोणताही विषारी वायू नसतो; केवळ गंजता गंजता लोखंडच आतला प्राणवायू गिळून बसलेले असते. गुदमरल्याची जी तगमग आपल्या परिचयाची आहे, ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, प्राणवायू उणा पडल्याने नव्हे. म्हणून अशा टाकीत उतरलेला इसम ना खोकतो, ना हाका मारतो, शिडीच्या शेवटच्या पायरीवर नुसता खाली बसतो.

आणि मग घडतो तो या साऱ्या प्रकरणातील अत्यंत दारुण भाग. वर उभा असलेला भाऊ, जोडीदार किंवा मुकादम त्याला पडलेला पाहतो आणि क्षणाचाही विचार न करता खाली धावतो. त्याच्यामागून तिसरा जातो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने १९८६ साली दिलेल्या इशाऱ्यात असे नमूद केले होते, की बंदिस्त जागांतील मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक माणसे ही दुसऱ्याला वाचविण्यास गेलेली होती. यमाने येथे मनुष्याच्या उत्तम गुणालाच गळ बनविले आहे. त्यामुळे जोखमीचा विचार अपघात घडल्यावर काठावर उभे राहून करता येत नाही. त्या वेळी करुणा विचाराला उसंत देत नाही. तो आधीच, शांत चित्ताने, कागदावर झाला पाहिजे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमाने नेमका हाच बंदोबस्त करून ठेवला होता. टाकी, खड्डा, नळ अथवा तत्सम बंदिस्त जागेत घातक वायूचा संभव असेल, तर बाहेर पडण्यास पुरेशा रुंदीचे द्वार हवे. वायू घालविण्याचे सर्व शक्य उपाय झालेले हवेत. आणि त्याउपर एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून जागा निर्धोक असल्याचा लेखी दाखला दिलेला असावा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र व पट्टा धारण केलेला असून पट्ट्याच्या दोरीचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. कायद्याची भाषा एरवी रूक्ष. पण दोरीचे ते मोकळे टोक वाचताना पेवाच्या काठावरचा, कंदिलाची दोरी धरून बसलेला म्हातारा डोळ्यांपुढे उभा राहतो.

हा दाखला मिळवायचा कसा? समजा, एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील मैल्याची टाकी साफ करावयाची आहे. पहिला प्रश्न असा, की माणसाने आत उतरणे खरोखरच आवश्यक आहे काय. मैला उपसणाऱ्या गाडीच्या नळीने काम भागत असेल, तर उरलेले सर्व प्रश्न आपोआप निकालात निघतात. यंत्र तुंबले किंवा दुरुस्ती निघाली, आणि उतरणे अटळच झाले, तर मुकादमाने तळहाताएवढा गॅस डिटेक्टर प्रथम मोकळ्या हवेत सुरू करून तो २०.९ दाखवितो याची खातरजमा करावी; मग झाकण थोडेसे उचलून त्याची नळी आत सोडावी आणि वर, मध्यावर व तळाशी अशा तिन्ही ठिकाणी थांबून आकडे टिपावे, कारण मिथेन हवेहून हलका असल्याने वर रेंगाळतो, तर हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड तळ धरून बसतात. क्रमही ठरलेला आहे: आधी प्राणवायू, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू, कारण ज्वलनशील वायू मोजणाऱ्या बहुतेक यंत्रांना स्वतःलाच प्राणवायू लागतो आणि तो अपुरा असल्यास ती खोटा दिलासा देतात. आकडा वाईट निघाला तर पंख्याची नळी तळापर्यंत सोडून आत ताजी हवा भरावी. नळकांड्यातला शुद्ध प्राणवायू मात्र चुकूनही सोडू नये, कारण त्यात एका ठिणगीने कपडे भडकतात. त्यानंतर सर्व मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

एवढ्यानेही काम संपत नाही. तळाचा गाळ स्वस्थ असतो तोवर त्यातला वायूही कोंडलेला असतो. पहिल्या फावड्यासरशी तो मोकळा होतो. म्हणून सकाळचा दाखला दुपारी चालत नाही आणि यंत्र उतरणाऱ्याच्या छातीवर अखंड चालू राहिले पाहिजे. हवेखेरीज इतरही शत्रू आहेत. आत येणाऱ्या नळाची चावी बंद करून तिला कुलूप लावावे आणि कुलपाची किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशात असावी. आतला फिरता विजेचा दिवा २४ व्होल्टांहून अधिक दाबाचा नसावा. तोंडावर तिपाई व हातरहाट उभा असावा, म्हणजे पडलेल्या माणसाला काठावरूनच ओढून घेता येईल. आणि काठावर नेमलेल्या माणसाला एकच ताकीद: काहीही झाले तरी जागा सोडावयाची नाही, आत उतरावयाचे नाही, दोरी ओढावयाची आणि अग्निशमन दलाला वर्दी द्यावयाची.

या सर्व तजविजीला खर्च येतो हे खरे, पण तो न करण्याचा खर्च आजवर कोणी सोसला, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. गटारात आणि मैल्याच्या टाकीत उतरण्याचे काम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही ठरावीक जातींच्या माथी मारले, आणि ज्याच्या जिवाचे मोल आधीच कमी लेखलेले, त्याच्यासाठी कंदील पेटविण्याचीही तसदी घेतली नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून अशी धोकादायक सफाई करून घेण्यास मनाई केली; सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबांना १० लाख रुपये, आणि २०२३ मध्ये ती रक्कम वाढवून ३० लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. भरपाई हा मृत्यूनंतरचा कागद होय. त्याआधीचा कागद पुष्कळ लहान असतो: जागा, तारीख, वेळ, तीन खोलींवरचे आकडे, मोजणाऱ्याची सही, आणि दोरीचे टोक धरणाऱ्याचे नाव. आपल्या आवारात पुढच्या वेळी टाकीचे झाकण उघडले जाईल, तेव्हा ठेकेदाराशी मोबदल्याची घासाघीस करण्यापूर्वी तो कागद पाहावयास मागावा; आणि तो कोरा असेल, तर झाकण पुन्हा बसवून माणसांना चहा पाजून परत पाठवावे.