सर्च मारला, सातबारा हरवला!

वडवणीहून काकांचा फोन आला, की समजायचं, ‘अगं, तेवढा सातबारा बघ.’ पीककर्जाची फाइल अडलेली असते आणि पुण्यात दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी मी! पण हल्ली ‘सातबारा वडवणी’ टाइप करून बघाच. आधी जाहिराती, मग ‘सातबारा कसा काढावा’ सांगणारे लांबलचक लेख, सगळे एकमेकांची कॉपी. सरकारी ‘महाभूलेख’ साइट त्या गर्दीतून हुडकायची. तिथे उतारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. काकांना आता थेट पत्ताच लिहून दिलाय. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल, तर पैसे भरायचे नाहीत.

असं का झालं? फंडा जुनाय. जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडेच झुकणार, हे लॅरी पेज आणि सर्गे ब्रिननी 1998च्या आपल्या पेपरात लिहून ठेवलं होतं. 2000 साली त्यांच्याच गूगलवर जाहिराती आल्या. बोला आता!

त्यात आता एआयचं रेडिमेड उत्तर, तेही ऐटीत. मे 2024मध्ये अमेरिकेत अशा एका उत्तरानं पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं. हसून सोडून देऊ. पण वडवणीतल्या कुणाला पीकविम्याची शेवटची तारीख अशीच ठोकून दिली, तर त्याचा अख्खा हंगाम विम्याविना जाईल.